तीन मुठींचे आकाश

पौर्णिमेच्या रात्री मुलांना मैदानावर उभे करून एक साधा प्रश्न विचारावा : चंद्र केवढा दिसतो? उत्तरे पटापट येतात. कोणाला तो भाकरीएवढा दिसतो, कोणाला ताटाएवढा, कोणाला रुपयाच्या नाण्याएवढा. शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही हाच प्रश्न विचारतो, तेव्हाही उत्तरे फारशी वेगळी नसतात. यांतले कोणतेही उत्तर चूक म्हणता येत नाही आणि बरोबरही म्हणता येत नाही, कारण अर्धी गोष्ट सांगायची राहून गेलेली असते. भाकरीएवढा, पण किती अंतरावर धरलेल्या भाकरीएवढा?

वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर व्यासाची भाकरी आपल्यापासून २२ मीटरांवर कोणी धरली, तर ती चंद्राला नेमकी झाकेल. रुपयाचे नाणे अडीच मीटरांच्या आसपास धरावे लागेल. आणि हात पुढे ताठ करून चिमटीत तुरीचा एक अख्खा दाणा धरला, तर तो दाणाही चंद्राला पुरतो! हा शेवटचा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. तुरीच्या दाण्यामागे अख्खा चंद्र लपतो यावर प्रथम कोणाचाच विश्वास बसत नाही.

मोजायचे काय?

भाकरी, नाणे आणि तुरीचा दाणा यांची लांबीरुंदी निराळी, अंतरेही निराळी. मग त्यांच्यात सारखे काय आहे? वस्तूच्या दोन कडांपासून आपल्या डोळ्यापर्यंत दोन रेषा काढल्या, तर त्या रेषांमधला कोन तिन्ही वेळा सारखा भरतो. चंद्राच्या बाबतीतही तो तेवढाच असतो, सुमारे अर्धा अंश. आकाशात काहीही मोजायचे तर ते असे कोनातच मोजावे लागते. तारा किती दूर आहे हे ठाऊक नसले तरी दोन ताऱ्यांमधला कोन मात्र कोणालाही मोजता येतो. पृथ्वीपासून ताऱ्यांचे अंतर माणसाला समजले ते १८३० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी दोन हजार वर्षे सारे खगोलशास्त्र केवळ कोनांवर चालले होते.

एक अंश म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणण्यासाठी एक सोपे माप लक्षात ठेवावे. १ सेंटीमीटर रुंदीची वस्तू ५७ सेंटीमीटर अंतरावरून पाहिली की ती १ अंशाची दिसते. हे ५७ कोठून आले? ५७ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ३६० सेंटीमीटर भरतो, म्हणजे अंशाला एक सेंटीमीटर. आणि योगायोगाची गोष्ट अशी, की ताठ पुढे केलेला हात डोळ्यापासून साधारण एवढ्याच अंतरावर असतो.

हातातली मोजपट्टी

म्हणूनच आपला हात ही एक चांगली मोजपट्टी आहे. हात ताठ पुढे करून एक डोळा मिटला, की करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, मधल्या तीन बोटांची मिळून सुमारे ५ अंश, मुठीची आडवी रुंदी सुमारे १० अंश, आणि ताणलेल्या वितीची २० अंशांहून थोडी जास्त भरते. मुलांचा हात लहान असतो, पण त्यांचा हात आखूडही असतो. त्यामुळे पाचवीतल्या मुलाची मूठ आणि गुरुजींची मूठ दोन्ही जवळपास दहा अंशच दाखवतात.

तरीही प्रत्येकाने आपली मूठ एकदा तपासून घ्यावी. भिंतीवर खडूने एकमेकींपासून १ मीटरवर दोन खुणा कराव्यात आणि भिंतीपासून ५.७ मीटर दूर उभे राहावे. या जागेवरून दोन खुणांमधला कोन १० अंशांचा असतो. मूठ बरोबर बसली तर उत्तम. थोडी कमीजास्त भरली, तर किती ते वहीत टिपून ठेवावे. दुसरी कसोटी उघड्यावरची. क्षितिजापासून सुरुवात करून मुठीवर मूठ रचत डोक्यावरच्या बिंदूपर्यंत, म्हणजे खमध्यापर्यंत जायचे. नऊ मुठी भरल्या पाहिजेत.

मूठ तपासून झाली की आकाशातच तिचा सराव करावा. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण जेमतेम तीन अंशांचा आहे. त्याच नक्षत्रातले काक्षी आणि राजन्य हे ठळक तारे एकमेकांपासून १९ अंशांवर, म्हणजे दोन मुठींना थोडे कमी. सप्तर्षीतले पुलह आणि क्रतू साडेपाच अंशांवर, आणि त्यांची रेघ पुढे वाढवली की क्रतूपासून ध्रुव सुमारे २९ अंशांवर, म्हणजे तीन मुठींच्या आत सापडतो. आकाश तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दीड मूठ. जुन्या घटकेच्या हिशेबात हे आणखी सुटसुटीत होते. दिवसाच्या ६० घटका आणि वर्तुळाचे ३६० अंश, म्हणून घटकेला बरोबर ६ अंश. आपली २७ नक्षत्रेही कोनाची मापेच आहेत. एका नक्षत्राच्या वाट्याला १३ अंश २० कला येतात, आणि चंद्र ताऱ्यांमधून दररोज जवळपास तेवढाच सरकतो. आज चंद्र ज्या ताऱ्याजवळ आहे, तिथून उद्या तो एक मूठ आणि तीन करंगळ्या पूर्वेला दिसेल. हे ताडून पाहायला दोन रात्री पुरतात.

ध्रुवाची उंची

क्षितिजापासून एखादा तारा किती अंश वर आहे, त्या कोनाला उन्नतांश म्हणतात. मुठीने तो अंदाजे कळतो. याहून नेमका हवा असेल तर कंपास पेटीतला अर्धवर्तुळाकार कोनमापक घ्यावा. त्याची सरळ कड वर येईल असा तो धरायचा, त्या कडेला शीतपेयाची स्ट्रॉ चिकटवायची आणि मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला नट किंवा छोटा दगड बांधायचा. स्ट्रॉ आडवी असताना दोरा ९० अंशांवर लोंबतो. स्ट्रॉमधून ताऱ्याकडे पाहिले की दोरा ९० पासून सरकतो. जितके अंश सरकला, तितका ताऱ्याचा उन्नतांश. एकाने ताऱ्यावर नेम धरावा आणि दुसऱ्याने बॅटरीच्या मंद उजेडात आकडा वाचावा. या यंत्रातून किंवा नुसत्या डोळ्यांनीही सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे.

पहिले मोजमाप ध्रुवाचे करावे. ध्रुवाचा उन्नतांश त्या गावाच्या अक्षांशाएवढा असतो. कोल्हापूरचे अक्षांश १६.७ अंश उत्तर. म्हणून कोल्हापुरात ध्रुव क्षितिजावर सुमारे १७ अंशांवर, मूठ आणि त्यावर अर्ध्या-पाऊण मुठीएवढा वर असतो. तारा नेमका ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या-पाऊण अंशाने बाजूला आहे. त्यामुळे रात्रीतून तेवढा खालीवर होतो. नागपुरात तोच ध्रुव २१ अंशांवर, दिल्लीत साडेअठ्ठावीसवर, तर कन्याकुमारीला अवघा आठ अंशांवर दिसतो. कोल्हापूरच्या आणि नागपूरच्या शाळांनी आपापली मापे एकमेकींना पत्राने कळवली, तर फरक साडेचार अंशांच्या जवळ यावा. नकाशावरून दोन शहरांमधले केवळ दक्षिणोत्तर अंतर काढले, तर ते ४९० किलोमीटरांच्या आसपास भरते. यावरून पृथ्वीचा परीघ किती, हे गणित नववीच्या वर्गाला सहज सोडवता येईल.

कोल्हापूरचा ध्रुव इतका खाली आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

आकाशाचे क्षेत्रफळ

आतापर्यंत आपण कोनातली लांबी मोजली. आता संपूर्ण आकाशाचे क्षेत्रफळ काढू. जमिनीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मोजतात, तसे आकाशाचे चौरस अंशांत. एक अंश लांब आणि एक अंश रुंद असा आकाशाचा तुकडा म्हणजे एक चौरस अंश.

आपण एका मोठ्या गोलाच्या मध्यभागी उभे आहोत आणि त्याच्या आतल्या पृष्ठावर तारे जडवले आहेत अशी कल्पना करा. या गोलाचा परीघ ३६० अंश, म्हणून त्रिज्या ५७.३ अंश. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट असते. हा नियम भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ११५० च्या सुमारास दिला आहे. त्यानुसार संपूर्ण खगोलाचे क्षेत्रफळ सुमारे ४१,२५३ चौरस अंश येते. यातला अर्धा भाग कोणत्याही क्षणी क्षितिजाखाली असतो. म्हणून अगदी सपाट, मोकळ्या माळावर उभे राहिले तर वर २०,६२६ चौरस अंशांचे आकाश मिळते. चंद्राचे बिंब त्यातला जेमतेम एकपंचमांश चौरस अंश व्यापते. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने आपल्या डोक्यावरच्या आकाशात सुमारे एक लाख चंद्र मावतील!

आता खरा प्रश्न असा : हे क्षेत्रफळ आकाशात कसे वाटले गेले आहे? क्षितिजापासून तीन मुठींपर्यंतचा पट्टा घेतला, तर त्यात आकाशाचा किती भाग येतो? नऊपैकी तीन मुठी, म्हणून एकतृतीयांश, असे उत्तर सहज सुचते. पण ते बरोबर नाही. क्षितिजालगतचा पट्टा सगळ्या बाजूंनी फिरून येतो, त्याचा घेर मोठा असतो. वर जावे तसतसा घेर आकसतो आणि खमध्याशी शून्य होतो. म्हणून खालच्या मुठीत जास्त आकाश बसते आणि वरच्या मुठीत कमी.

किती जास्त, ते आर्किमिडीजने दाखवून दिले आहे. गोलाच्या सारख्या जाडीच्या चकत्या कापल्या, तर चकती मधली असो वा टोकाची, तिच्यावर येणाऱ्या सालीचे क्षेत्रफळ सारखेच असते. मधल्या चकतीचा घेर मोठा, पण साल उभी, म्हणून अरुंद. टोकाच्या चकतीचा घेर लहान, पण साल तिरपी पसरलेली, म्हणून रुंद. दोन्ही परिणाम एकमेकांची बरोबर भरपाई करतात. एखादी गोलसर मोसंबी घेऊन हे वर्गात करून पाहावे. सारख्या जाडीच्या चकत्यांची साल सोलून चौकटीच्या कागदावर ठेवायची आणि चौकटी मोजायच्या. उत्तरे अगदी तंतोतंत जुळली नाहीत तरी नियम पटतो.

आकाशाला हे लावले की एक सोपे सूत्र मिळते. क्षितिजापासून एखाद्या उन्नतांशापर्यंतच्या पट्ट्यात आकाशाचा जो हिस्सा येतो, तो त्या कोनाच्या ज्येएवढा, म्हणजे त्याच्या साइनएवढा असतो. पहिल्या मुठीत, १० अंशांपर्यंत, १७ टक्के आकाश येते. २० अंशांपर्यंत ३४ टक्के. ३० अंशांची साइन बरोबर अर्धी, म्हणून ३० अंशांपर्यंत ५० टक्के. याउलट, वरच्या ३० अंशांत, म्हणजे ६० पासून खमध्यापर्यंत, केवळ १३ टक्के उरते.

म्हणजे निम्मे आकाश क्षितिजाजवळच्या तीन मुठींत असते. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण आपली समजूत याच्या उलट असते. आकाश म्हणजे डोक्यावर जे असते ते, असे आपण धरून चालतो. खालच्या तीन मुठी झाडांना, भिंतींना आणि इमारतींना दिल्या तरी फारसे बिघडत नाही, असे वाटते. प्रत्यक्षात तेवढ्यात निम्मे आकाश गेलेले असते.

कोल्हापूरचा दक्षिण दरवाजा

कोल्हापूरकरांच्या दृष्टीने या खालच्या तीन मुठींना आणखी महत्त्व आहे. आपण विषुववृत्ताच्या तुलनेने जवळ आहोत. त्यामुळे दक्षिणेकडचे आकाश आपल्याला पुष्कळ दिसते. ध्रुव जितका खाली, तितके दक्षिणेचे तारे वर. दक्षिण खगोलध्रुवाभोवतीचा १६.७ अंश त्रिज्येचा तुकडा तेवढा आपल्या क्षितिजावर कधी येत नाही. मोसंबीच्या नियमाने त्याचे क्षेत्रफळ काढले तर ते संपूर्ण खगोलाच्या सुमारे २ टक्के भरते. म्हणजे वर्षभरात मिळून कोल्हापुरातून खगोलाचा ९८ टक्के भाग पाहता येतो. दिल्लीहून ९४ टक्के, आणि लंडनहून ८१ टक्के.

पण हे दक्षिणेचे धन आपल्याला मिळते ते क्षितिजाजवळच. दक्षिणेकडचा एखादा तारा जास्तीत जास्त किती वर येईल, हे काढायचे तर ९० मधून आपले अक्षांश आणि त्या ताऱ्याची दक्षिण क्रांती, दोन्ही वजा करायची. अगस्त्याची दक्षिण क्रांती ५२.७ अंश. व्याधाखालोखाल तेजस्वी असा हा तारा कोल्हापुरात २०.६ अंशांपर्यंत, म्हणजे दोन मुठी वर येतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री सव्वानऊच्या सुमारास तो दक्षिणेला सर्वांत वर असतो. त्रिशंकूच्या चार मुख्य ताऱ्यांपैकी सर्वांत वरचा १६ अंशांपर्यंत आणि सर्वांत खालचा १० अंशांपर्यंत येतो. त्यासाठी मेच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला पाहावे. त्यानंतर दोन तासांनी त्याच्याच डावीकडचा मित्र हा तारा, म्हणजेच आल्फा सेंटॉरी, साडेबारा अंशांवर येतो. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळची तारकामाला ती हीच, सव्वाचार प्रकाशवर्षांवरची.

दिल्लीच्या मुलांना अगस्त्य एका मुठीपर्यंतही वर आलेला दिसत नाही, आणि त्रिशंकूचा खालचा तारा तर त्यांच्या क्षितिजावर येतच नाही. लंडनहून अगस्त्यही कधी दिसत नाही. कोल्हापूरच्या मुलांना हे सारे घरबसल्या मिळायला हवे. मिळते का?

समजा, शाळेच्या दक्षिणेला ३० मीटरांवर १३ मीटर उंचीची चार मजली इमारत आहे. डोळ्यांची उंची दीड मीटर धरली तर इमारतीचा माथा २१ अंशांवर दिसतो. म्हणजे अगस्त्य गेला, त्रिशंकू गेला, मित्रही गेला. उत्तरेला तशीच इमारत असेल तर ध्रुवही गेला. जिच्याकडे आपण सहसा मान वर करून पाहतही नाही अशी एक साधी इमारत एवढे करू शकते. पेठांतल्या अरुंद गल्लीत तर समोरचे घर सहा मीटरांवर आणि नऊ मीटर उंच असले, की ५० अंशांहून अधिक आकाश त्या बाजूला झाकले जाते.

किरणोत्सवाचा एक अंश

क्षितिजाजवळच्या आकाशाची किंमत कोल्हापूरला एका ठिकाणी मात्र चांगली ठाऊक आहे. अंबाबाईच्या मंदिरातली मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखेला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून आत शिरत गाभाऱ्यापर्यंत जातात. हाच किरणोत्सव.

या तारखांकडे नीट पाहावे. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत ४२ दिवस होतात, आणि २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४१. सूर्य दक्षिणेकडे जाताना जेथे असतो, तेथेच तो परतताना पुन्हा येतो. दोन्ही वेळा त्याची दक्षिण क्रांती सुमारे १७ अंश असते, आणि कोल्हापूरच्या क्षितिजावर तो नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. दोन मुठींना थोडे कमी. एकाच दिशेला वर्षातून दोनदा सूर्य का येतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आता मापे पाहू. सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे. या दिवसांत मावळण्याची जागा रोज सुमारे ०.३ अंशाने सरकते, म्हणजे बिंबाच्या निम्म्याहून थोडी अधिक. पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत बिंबाने व्यापलेली सगळी जागा धरली, तरी ती एका अंशाच्या आसपास, ताठ हातावरच्या करंगळीएवढी. हा सोहळा आकाशाच्या एवढ्याशा फटीवर अवलंबून आहे. गच्चीवरची १ मीटर रुंदीची पाण्याची टाकी १०० मीटर दूर असेल, तरी तिची रुंदी अर्ध्या अंशाहून जास्त दिसते. अख्खा सूर्य तिच्यामागे जाऊ शकतो. सूर्याला एक अंश खाली उतरायला सव्वाचार-साडेचार मिनिटे लागतात. म्हणून वाटेतल्या इमारतीचा माथा एका अंशाने वाढला, तर शेवटची सव्वाचार मिनिटे जातात. आणि शेवटचीच मिनिटे मोलाची असतात. सूर्य खाली जावा तसे किरण अधिक आडवे होतात आणि जमिनीवरून मूर्तीच्या चरणांवर, तिथून वर चढत जातात. महाद्वार रोडच्या बाजूला किरणांच्या वाटेत येणाऱ्या बांधकामांची चर्चा कोल्हापुरात वेळोवेळी होते, तिचे भौमितिक कारण हे असे आहे.

इमारती नसल्या तरी हवा असतेच. सूर्य ५ अंशांवर असताना त्याचे किरण डोक्यावरच्या किरणांपेक्षा दहापट हवेतून वाट काढत येतात; २ अंशांवर असताना जवळपास वीसपट हवेतून. त्या हवेत धूर, धूळ किंवा बाष्प असले की आकाश निरभ्र दिसूनही किरण फिके पडतात. रात्री अगस्त्य आणि त्रिशंकू यांनाही हाच जकातनाका ओलांडून यावे लागते.

आपल्या शाळेचे आकाश मोजा

आता शाळेने करण्याजोगा एक उपक्रम. मैदानाच्या मध्यभागी उभे राहून उत्तरेपासून सुरुवात करावी आणि दर ३० अंशांवर, अशा बारा दिशांना, इमारतींचा किंवा झाडांचा माथा किती अंशांवर आहे ते कोनमापकाने मोजावे. हे काम सकाळी किंवा ढगाळ दिवशी, सूर्याकडे तोंड येणार नाही अशा बेताने उरकावे. प्रत्येक कोनाची साइन कोष्टकातून काढायची, बारांची सरासरी घ्यायची. ती सरासरी म्हणजे झाकलेल्या आकाशाचा हिस्सा.

समजा, एका मैदानावर उत्तर, मग ईशान्य, पूर्व असे फिरत बारा कोन क्रमाने १०, १२, १५, २५, ३०, ३५, ३०, २०, १२, ८, ८ आणि १० आले. त्यांच्या साइनची बेरीज ३.६४ आणि सरासरी ०.३० येते. म्हणजे या शाळेचे ३० टक्के, सुमारे सहा हजार चौरस अंश आकाश झाकलेले आहे आणि ७० टक्के उघडे आहे. वरवर पाहता हे बरे वाटते. पण यादीतला सातवा आकडा दक्षिणेचा आहे, ३० अंश. या शाळेतल्या मुलांना ७० टक्के आकाश मिळूनही अगस्त्य कधी दिसणार नाही. क्षेत्रफळाबरोबर दिशाही पाहावी लागते, हा धडा मुलांना यातून आपोआप मिळतो. आपल्या यादीत उत्तरेचा आकडा १६ च्या आत आणि दक्षिणेचा १० च्या आत असेल, तर आपली शाळा भाग्यवान आहे असे समजावे.

हेच मोजमाप मुलांनी आपापल्या दारात, रंकाळ्याच्या काठावर आणि सहलीला गेल्यावर पन्हाळ्यावर करावे. पन्हाळ्याच्या कडेवरून खालच्या सपाट मुलखाकडे पाहिले, तर उंचीमुळे क्षितिज आडव्या रेषेच्याही सुमारे अर्धा अंश खाली जाते. तेथे कोनमापकावर उणे आकडा का येतो, हे मुलांना शोधू द्यावे.

ताऱ्यांची गणती

उघडे आकाश म्हणजे ताऱ्यांनी भरलेले आकाश असेही नाही. दिव्यांच्या उजेडाने किती तारे बुजले, हेसुद्धा चौरस अंशांच्या हिशेबाने मोजता येते. जाड कागदाची २५ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर व्यासाची नळी करावी. तिच्यातून एका वेळी आकाशाचा सुमारे दोनशेवा भाग दिसतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्री, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायला पंधरा-वीस मिनिटे थांबून, नळी आकाशात निरनिराळ्या दहा ठिकाणी रोखावी आणि प्रत्येक ठिकाणी तारे मोजावेत. दहांची सरासरी काढून तिला २०० ने गुणले, की संपूर्ण आकाशातले नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे मिळतात.

गर्द अंधाराच्या जागी असे अडीच हजारांच्या आसपास तारे दिसायला हवेत, म्हणजे नळीत सरासरी बारा-तेरा. चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतील एवढा उजेड असेल, तर ही संख्या अडीचशेवर येते, नळीत जेमतेम एक. शहरातल्या गच्चीवर आणि शहरापासून दूर एखाद्या खेड्यात एकाच आठवड्यात ही गणती केली, तर फरक मुलांच्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल. त्यातही नळी तीन मुठींच्या खाली रोखल्यावर किती आणि वर रोखल्यावर किती, ही नोंद वेगळी ठेवावी. शहराच्या दिव्यांचा उजेड सर्वांत दाट असतो तो क्षितिजालगतच, त्यामुळे निम्मे आकाश तिथे दुसऱ्यांदा हरवते.

या मोजमापांना दुर्बीण लागत नाही. कोनमापक, दोरा, कागदाची नळी आणि स्वतःची मूठ पुरते. पण ती एकदा करून भागणार नाही. शाळेच्या बारा दिशांचे बारा कोन आणि नळीतले सरासरी तारे, अशी एक नोंद दरवर्षी एकाच महिन्यात, एकाच जागेवरून करून ती विज्ञानाच्या खोलीत तारखेसह लावून ठेवावी. नवी इमारत उठली, रस्त्यावर नवे दिवे आले किंवा एखादे झाड वाढले, की आकडे बदलतील. झाडासाठी थोडे आकाश द्यायला कोणाचीच हरकत नसावी. पण काय गेले आणि कशासाठी गेले, ते माहीत असले पाहिजे. आकाश एका रात्रीत जात नाही, दरसाल एखाद्या अंशाने जाते, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या शाळेच्या भिंतीवर दहा वर्षांची नोंद असेल, तिथल्या मुलांच्या ते ध्यानात येईल.